पास झाल्यावर बघू?

प्रश्न : मॅडम, मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजला येईपर्यंत रोज पोहायला जायचे. आता दीड वर्षात सात किलो वजन वाढलंय. रात्री दोनच्या आत झोप लागत नाही आणि सकाळच्या लेक्चरला डोळे उघडत नाहीत. पॅथॉलॉजी सुरू झाल्यापासून वाचलेला प्रत्येक आजार मलाच झालाय असं वाटतं. दोन महिन्यांपासून अधूनमधून छातीत धडधडतं. ओळखीच्या इंटर्नताईने दोनदा ईसीजी काढला, नॉर्मल आला. सीनियर म्हणतात, हे सगळ्यांचंच होतं, पास झाल्यावर बघ. एकाने जागं राहायला गोळी सुचवली. खरंच पास झाल्यावर बघायचं का?

उत्तर :

नाही. तुझ्या सीनियरचं हे वाक्य मी तीस वर्षांपूर्वी होस्टेलच्या जिन्यात ऐकलंय, शब्द न शब्द हेच. मी पास झाले. मग ठरलं, इंटर्नशिप संपली की बघू. मग रेसिडेन्सी लागली की, मग हे पोस्टिंग संपलं की. माझी पाठ मी पहिल्यांदा दुसऱ्या डॉक्टरला दाखवली तेव्हा मी स्वतः लेक्चरर झाले होते आणि सकाळी मोजे घालायला पलंगावर आडवं व्हावं लागत होतं. त्या डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस दुखतंय?" मी म्हटलं, "सहा वर्षं." आमच्या ओपीडीत एखाद्या पेशंटने असं सांगितलं की आम्ही त्याला केवढं बोलतो!

मी मेडिसिनची डॉक्टर. शिकवायलाही लागून बराच काळ झाला. दार लोटून घेऊन 'मॅडम, एक विचारायचं होतं' म्हणत येणारी मुलं दर महिन्याला असतात. त्यांचे त्रास वेगवेगळे असले तरी मुळाशी बहुतेकदा एकच गोष्ट सापडते. माणसाचं शरीर कसं चालतं हे आपण दिवसभर शिकतो आणि त्या यादीतून स्वतःला मात्र वगळतो. आजारी असतो तो पलंगावरचा, आपण पलंगाशेजारी उभे. वर्ल्ड मेडिकल असोसिएशनने २०१७ साली डॉक्टरांच्या जिनिव्हा प्रतिज्ञेत बदल केला आणि त्यात स्वतःची तब्येत आणि क्षमता सांभाळण्याचं वचन घातलं, रुग्णाला उत्तम सेवा देता यावी म्हणून. मूळ प्रतिज्ञा १९४८ची. म्हणजे हे कलम सुचायला आमच्या पेशाला एकोणसत्तर वर्षं लागली.

आता आधी धडधड, कारण तुझ्या मनात तीच आहे, बाकीचं तू पत्र भरायला लिहिलंयस.

धडधडत नसताना काढलेला ईसीजी नॉर्मल आला तर त्यातून थोडं कळतं, सगळं नाही. हृदयाची रचना आणि विद्युतमार्ग ढोबळमानाने ठीक आहेत एवढं कळतं. धडधडताना काय चालू असतं ते त्या कागदावर नसतं. मी ओपीडीत एक साधी गोष्ट करायला लावते. धडधड सुरू होते तेव्हा ती कशी वाटते ते टेबलावर बोटाने वाजवून दाखव. काही जण जलद पण एकसारखा ठेका वाजवतात, हळूहळू चढलेला आणि हळूहळू उतरलेला. ते बहुधा साधं सायनस टॅकिकार्डिया असतं, हृदयाची नेहमीचीच लय पण जलद, आणि कारण कॉफी, जागरण, भीती, ताप, रक्त कमी असणं यांपैकी काहीतरी. काही जण मध्येच एक ठोका गाळतात आणि पुढचा जोरात मारतात. ते अवेळी पडलेले ठोके, निरोगी माणसातही सर्रास सापडणारे. आणि एखादा बटण दाबल्यासारखा एकदम सुसाट ठेका सुरू करतो आणि तसाच एकदम थांबवतो. त्याला मी सोडत नाही, पुढच्या तपासण्या करते. पळताना, पोहताना चक्कर येऊन पडली असशील किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर हे पत्र बाजूला ठेव आणि याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना दाखव.

तसं काही नसेल तरी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घे. मुलींमध्ये लोहाची कमतरता इतकी सर्रास असते की थकवा, धडधड, जिना चढताना लागणारी धाप या सगळ्यांना 'अभ्यासाचा ताण' म्हणून मोकळं होणं सोपं पडतं. हिमोग्लोबिन ठीक असून फेरिटिन तळाला गेलेल्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत. वजन वाढणं, मरगळ, झोप या सगळ्याला थायरॉइड जबाबदार असेलच असं नाही, उलट तो मंदावला की नाडीही सहसा मंदावते. पण एका सुईत कळतं तर बघून टाकावं.

रोज नवा आजार होणं ही तर आपल्याकडची जुनी प्रथा. मी हॉजकिन्स लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा कॅन्सर वाचत होते त्या आठवड्यात मानेत एक गाठ सापडली. वाटाण्यापेक्षा लहान, हलणारी, दुखणारी. मी ती इतक्यांदा चाचपली की चौथ्या दिवशी चांगली सुजली. मग माझ्या रूम पार्टनरने माझा हात धरून सांगितलं, "आधी दाढ दाखव." दाढ किडली होती. गंमत म्हणजे तुलना करून पाहिलं तेव्हा वैद्यकीय विद्यार्थी इतर शाखांच्या मुलांपेक्षा जास्त घाबरट निघतातच असं नाही. आपल्याकडे भीतीला लावायला नावं जास्त असतात, एवढंच. एक नियम मी मुलांना देते. दोन आठवड्यांहून जास्त राहिलेलं किंवा दिवसेंदिवस वाढणारं लक्षण डॉक्टरला दाखवायचं, आणि दाखवल्यावर पुस्तकात शोधायचं नाही. हातात आलेल्या स्टेथोस्कोपने रोज स्वतःचं हृदय ऐकायचं नाही.

आता झोप. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझ्या तक्रारींपैकी निम्म्या इथून निघत असाव्यात असा माझा संशय आहे.

प्रौढ माणसाला सात तास किंवा अधिक झोप लागते. 'मला पाचात भागतं' असं सांगणारे वॉर्डात मला बरेच भेटतात. त्यातल्या बहुतेकांना राउंडमध्ये भिंतीला टेकलेलं मी पाहिलंय. झोप कमी पडली की पहिली जाते ती स्वतःला किती झोप येतेय हे ओळखण्याची ताकद, म्हणून त्यांचं म्हणणं खोटं नसतं, फक्त भरवशाचं नसतं. सतरा तास सलग जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी मंदावते, हे १९९७ साली प्रयोगातून दाखवून झालंय. रात्री दोन वाजता सकाळी नऊपासून जागी असलेली तू नेमकी तिथे असतेस, आणि त्या अवस्थेत तू नेफ्रोटिक सिंड्रोम पाठ करत बसतेस.

वाचलेलं डोक्यात मुरतं ते झोपेत. दिवसा तात्पुरतं साठवलेलं झोपेत पुन्हा चाळलं जातं, पक्कं केलं जातं. जागरण करून तू जे शेवटचे दोन तास मिळवतेस ते आधीच्या सहा तासांच्या खिशातून काढलेले असतात. ही गोष्ट मला कुणी विसाव्या वर्षी सांगितली असती तर मी ऐकली असती असं नाही, पण सांगायला हवी होती.

दोनच्या आत झोप लागत नाही म्हणतेस. दहाला झोपायला जाऊन उपयोग नाही, तळमळशील आणि पलंगाशी तुझं भांडण होईल. उठायची वेळ आधी बांध. साडेसहा म्हणजे साडेसहा, सुट्टीच्या दिवशीही, फार तर एक तास इकडेतिकडे. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं उजेडात जा, खिडकीतल्या नव्हे, बाहेरच्या. मेंदूतलं घड्याळ डोळ्यांतून आत येणाऱ्या सकाळच्या प्रकाशावर लावलं जातं. पहिले चार-पाच दिवस मेल्यासारखं होईल, त्या दिवसांत दुपारी वीस मिनिटांवर झोपू नकोस. मग रात्रीची झोप आपोआप अलीकडे सरकू लागते, एकदम नाही, दर दोन-तीन दिवसांनी पाव-अर्धा तास. दोन ते साडेअकरा हा प्रवास तीन-चार आठवड्यांचा आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सुरू करू नकोस.

कॉफीचं गणित तू फार्माकॉलॉजीत शिकते आहेस, ते स्वतःवर लाव. कॅफीनचं अर्धायुष्य सरासरी पाच तासांचं. संध्याकाळी सातला घेतलेल्या कपातला अर्धा ऐवज रात्री बारालाही रक्तात फिरत असतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा काळ जवळपास दुप्पट होतो, हे फार कमी मुलींना माहीत असतं. दिवसाला ४०० मिलीग्रॅमपर्यंत निरोगी प्रौढांना चालतं असं मानतात, पण ज्याला धडधडतंय त्याने ही मर्यादा आपली समजू नये. तू दुपारी दोननंतर बंद कर आणि दोन आठवडे धडधडीची नोंद ठेव. एनर्जी ड्रिंक पीत असशील तर ते आजच थांबव. धडधडणाऱ्या कितीतरी मुलांना मी 'चहा-कॉफी किती?' विचारते, ते 'फक्त दोन' म्हणतात, आणि एनर्जी ड्रिंकच्या डब्याची गोष्ट तिसऱ्यांदा विचारल्यावर बाहेर पडते.

गोळीबद्दल स्पष्ट लिहिते. जागं राहायला म्हणून फिरतात त्या बहुधा मोडाफिनिल किंवा मिथाइलफेनिडेट. एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा विकार) किंवा नार्कोलेप्सी (दिवसा अनावर झोप येण्याचा आजार) असलेल्या माणसाला तज्ज्ञाने तपासून दिली तर ही चांगली औषधं आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुला छातीत धडधडतंय आणि झोप येत नाहीये. तिसऱ्या वर्षाच्या मुलालासुद्धा ही केस दिली तर तो म्हणेल, हिला नाडी वाढवणारं औषध द्यायचं नाही. मोडाफिनिलने गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, आणि क्वचित का होईना, त्वचेवर जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. दुसरी लोकप्रिय वस्तू म्हणजे वायवाआधीची, तोंडी परीक्षेआधीची, प्रोप्रॅनोलॉल, नाडी मंदावणारी गोळी. हात थरथरायचे थांबतात, खरं आहे, पण दमा असेल तर श्वासनळ्याही आवळतात. लहानपणी दमा होता हे विसरलेल्या एका मुलाला ती घेऊन परीक्षेच्या हॉलऐवजी कॅज्युअल्टीत नेब्युलायझर लावून बसलेलं मी पाहिलंय. परीक्षा त्याच्याचकडे चालत आली असं आम्ही नंतर त्याला चिडवायचो, त्या दिवशी मात्र कुणी हसलं नव्हतं.

तू म्हणशील, झोपले तर अभ्यास कधी करू? रास्त आहे. वेळ अभ्यासाच्या पद्धतीतून काढायचा. रंगीत पेनाने ओळी रंगवत तोच धडा चौथ्यांदा वाचणं हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा वेळखाऊ धंदा. रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवतं, पण आठवड्याने बघितलं तर पुस्तक मिटून आठवून बघणारे पुढे जातात. म्हणून वाचताना वाटणाऱ्या 'आलं मला' या भावनेवर विश्वास ठेवू नकोस. एकदा वाच, पुस्तक मीट, कोऱ्या कागदावर काढ, चुकलेलं तेवढंच बघ. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. याने डोकं जास्त दुखतं आणि समाधान कमी मिळतं, म्हणूनच मुलं टाळतात. पण तास वाचतात, आणि ते झोपेच्या खात्यात टाकता येतात.

पुढे नाइट ड्यूट्या लागतील तेव्हासाठी दोन शब्द. ड्यूटीआधी दुपारी तासदीड तास झोपून जायचं. रात्री संधी मिळाली तर वीस मिनिटं डोळे मिटायचे आणि उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं महत्त्वाचा डोस काढायचा नाही, कारण झोपेतून उठलेला मेंदू लगेच भानावर येत नाही. आणि सकाळी स्वतः गाडी चालवत घरी जायचं नाही. अमेरिकेत इंटर्नना वर्षभर विचारत राहून केलेला अभ्यास २००५ साली आला. लांबलचक ड्यूटीनंतर गाडी चालवताना अपघाताची शक्यता दुपटीहून जास्त होती आणि थोडक्यात वाचण्याचे प्रसंग जवळजवळ सहापट. त्याच्या आदल्या वर्षीच्या अभ्यासात, ड्यूटीचे तास कमी केलेल्या इंटर्नच्या तुलनेत नेहमीच्या लांब ड्यूट्या करणाऱ्यांच्या हातून गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त झाल्या होत्या. 'आम्ही तर छत्तीस तास उभे असायचो' असं सांगणारे सर तुला भेटतील. त्या छत्तीस तासांत त्यांच्या हातून काय काय झालं ते त्यांनाही माहीत नाही, मलाही माझं नाही.

व्यायामाला येऊ. तू पोहणारी मुलगी आहेस. अशा मुलांचा घोटाळा असा होतो की त्यांच्या मनात व्यायाम म्हणजे दीड तास, पूल, कोच, डबा. ते जमत नाही म्हणून काहीच करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेलं प्रमाण आहे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी केलेलं धरत नसत, ती अट त्यांनी काढून टाकली. रोज बावीस मिनिटं भरभर चाललीस तरी खालची रेघ ओलांडलीस. वॉर्ड चौथ्या मजल्यावर असेल तर लिफ्ट विसर. खोलीत दोन दिवस उठाबशा, जोर, प्लँक, पंधरा मिनिटांत आटपतं. आणि आठवड्यातून एकदा, एकदाच, पोहायला जा. ते वजनासाठी नाही. पाण्यात फोन नेता येत नाही आणि तुला कुणी 'कॉजेस ऑफ क्लबिंग (बोटांची टोकं फुगण्याची कारणं) सांग' म्हणून विचारत नाही, म्हणून जा.

सात किलोंबद्दल मी फार बोलणार नाही. झोप कमी पडली की भूक वाढते आणि गोड-तळलेल्याकडे हात जातो. झोप रुळावर आली की यातलं काही वजन आपोआप हलतं असा माझा अनुभव आहे. डाएट सुरू करू नकोस. उपाशी राहून मग मध्यरात्री बिस्किटाचा पुडा संपवणं, आणि त्याची लाज वाटून दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी राहणं, हे चक्र आपल्या होस्टेलांमध्ये जितकं आहे तितकं बोललं जात नाही. खाऊन मुद्दाम उलटी काढण्यापर्यंत कुणी गेलं असेल तर तो इच्छाशक्तीचा प्रश्न उरत नाही, उपचाराचा होतो. तू एवढंच कर, सकाळी काहीतरी खाऊनच बाहेर पड.

त्या सकाळच्या खाण्याची माझी एक गोष्ट आहे. तिसऱ्या वर्षाला सर्जरीचं पोस्टिंग होतं. पित्ताशयाचं ऑपरेशन, तेव्हा पोट उघडून करायचे, आणि माझ्या हातात रिट्रॅक्टर, जखमेच्या कडा ओढून धरायचं हत्यार. काही न खाता गेले होते. तासाभराने मास्कच्या आत गरम व्हायला लागलं, जांभया, कानात घूं असा आवाज, मग दिव्याभोवती काळी कड. मला सगळं कळत होतं, नाडी मंदावणाऱ्या व्हेगस नर्व्हवर मी आदल्या महिन्यात चांगले मार्क मिळवले होते. पण 'मला बसायचंय' हे तीन सेकंदांचं वाक्य तोंडातून निघेना, कारण सर काय म्हणतील. मी खाली गेले, जाताना ट्रॉली घेऊन. हनुवटीवर तीन टाके पडले, अजून दिसतात. सिस्टरने पाय वर धरले तेव्हा त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "बाळा, पडायच्या आधी सांगायचं असतं."

ताटकळत उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे उतरतं, आणि ते वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. म्हणून उभ्याउभ्या टाचा उचल, बोटं आवळ, एका पायावरून दुसऱ्यावर भार घे, गुडघे ताठ कुलूप लावून ठेवू नकोस. आत जायच्या आधी खाऊन, पाणी पिऊन, लघवीला जाऊन ये. पाणी पीत नाही कारण जायला वेळ नाही, आणि मग वर्षात तीनदा मूत्रमार्गाचा संसर्ग, हे मुलींचं नेहमीचं आहे. आणि जांभया, घाम, मळमळ आली की 'मी बसते' म्हणून टेबलापासून दोन पावलं मागे ये आणि सरळ जमिनीवर बस. ज्या सर्जनने विद्यार्थी पडताना पाहिला नाही असा सर्जन अजून जन्मायचाय.

वॉर्डात जायच्या आधी आणखी एक काम. हेपॅटायटिस बीचे तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासणी, दहाच्या वर हवी. मुलं डोस घेतात आणि तपासणी विसरतात. सुई टोचलीच तर जखम दाबून पिळत बसू नकोस, साबण-पाण्याने धू, आणि लगेच सांग. सुई एचआयव्हीबाधित पेशंटची असेल तर संसर्गाचा धोका दर हजारी तीनच्या आसपास, पण प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. सर ओरडतील म्हणून दोन दिवस गप्प बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्या दोन दिवसांची किंमत ओरडा खाण्यापेक्षा खूप जास्त असू शकते.

तू मनाबद्दल काही लिहिलं नाहीस. विचारल्याशिवाय पेशंटही सांगत नाही, म्हणून विचारते. गेल्या दोन आठवड्यांत, पोहण्याचा नुसता विचार केला तरी आधी जसं वाटायचं तसं वाटतं का? की काहीच वाटत नाही? थकलेल्या माणसाला सुट्टी मिळाली की बरं वाटतं. नैराश्यात सुट्टी मिळाली तरी आत काही हलत नाही. २०१६ साली ४३ देशांमधले अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा सुमारे २७ टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं आढळली आणि ११ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेलेले होते. चाचणीत नैराश्य आढळलेल्यांपैकी उपचारासाठी गेलेले जेमतेम सोळा टक्के. याच मुलांनी पुढे इतरांना 'वेळेवर या' सांगायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

पीएचक्यू-९ ही नैराश्य ओळखायची नऊ प्रश्नांची यादी तू सायकियाट्रीत शिकशीलच, आत्ताच भरून बघ. बेरीज दहा किंवा वर आली तर डॉक्टरशी बोल. नवव्या प्रश्नाला, मरून गेलेलं बरं असं वाटण्याच्या, शून्याखेरीज काहीही उत्तर असेल तर बेरीज करत बसू नकोस, आजच्या आज कुणाला तरी सांग, रूम पार्टनरला, घरी, मला, आणि रात्र एकटीने काढू नकोस. असं येऊन सांगणाऱ्या मुलांना मी कधी अशक्त समजले नाही. त्यातली दोघं आज माझ्याहून चांगले डॉक्टर आहेत.

बर्नआउट हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो. आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात तो आहे, पण आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. तिथे त्याचे तीन भाग सांगितलेत. शक्ती संपणं, कामापासून मनाने तुटणं आणि हातून काही नीट होत नाही असं वाटणं. मधला भाग कसा ओळखायचा ते सांगते. पेशंटला तू मनातसुद्धा 'बेड बारा' म्हणायला लागलीस आणि बेड बारा रडायला लागल्यावर तुला त्याचा राग आला, तर समज.

आणि 'कामाच्या ठिकाणच्या' हे शब्द मी मुद्दाम सोडले नाहीत. एका कॉलेजात ताण-व्यवस्थापनाचं सक्तीचं लेक्चर ठेवलं होतं, मुलांच्या एकुलत्या एका मोकळ्या दुपारी, हजेरीसकट. वक्त्री मीच होते. पहिल्या दहा मिनिटांत मी हजेरी घेऊन मुलांना झोपायला पाठवलं, त्या कॉलेजने मला परत बोलावलं नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईस विद्यापीठाने २००९पासून उलट दिशेने जाऊन पाहिलं. सुरुवातीच्या वर्षांत श्रेणी काढून फक्त पास-नापास ठेवलं, वर्गातले तास दहा टक्क्यांनी कमी केले. मुलांमधलं नैराश्य आणि चिंता उतरली, निकाल खालावला नाही. तेव्हा तुझी झोप बिघडली हा सगळा तुझा आळस आहे असं कुणी म्हटलं तर मान डोलवू नकोस. पण टाइमटेबल बदलायची वाट बघत बसूही नकोस, ते तुझ्या पास होण्याआधी बदलणार नाही.

शेवटी तुझ्या इंटर्नताईबद्दल. तिने प्रेमाने ईसीजी काढला, तिचे आभार मान, पण तिला तुझा डॉक्टर करू नकोस. तिला तुला 'रात्री काय काय घेतेस' विचारायला संकोच वाटणार आणि तुला खरं सांगायला. तुझ्या कॉलेजात शिकवत नसलेला, तुझी परीक्षा घेणार नसलेला एक साधा जनरल फिजिशियन शोध आणि तो पुढची सगळी वर्षं ठेव. जाताना ते दोन्ही ईसीजी घेऊन जा, वर तारीख आणि तेव्हा धडधडत होतं की नव्हतं ते लिहून. पोळी-भाजी एवढं साधं बोल : केव्हा होतं, किती वेळ, काय केल्याने थांबतं. मेडिकलला आहेस हे सांग, लपवू नकोस. फक्त ते विचारतील, "तुला काय वाटतं, काय असेल?" तेव्हा 'पीएसव्हीटी' (एकदम सुरू होऊन एकदम थांबणारी धडधड) असं पुस्तकी नाव घेऊ नकोस. माहीत नाही म्हण आणि टेबलावर ठेका वाजवून दाखव.